कडू भंडारा

माझ्या भावाच्या अंगात देव आला तेव्हा सगळ्यात आधी संशय मला आला, आणि सगळ्यात जास्त फायदाही माझाच झाला. अशा वेळी माणूस तोंड उघडत नाही. मीही उघडलं नाही.

आमची वस्ती म्हसवडच्या पुढे, माळावर. आजोबांच्या काळात सगळं घर मेंढरांमागे फिरायचं. आता मेंढरं थोरल्या चुलत्यांकडे, म्हणजे तात्यांकडे आहेत, आणि आमच्या आप्पांनी डाळिंबाची बाग लावली आहे. भाऊ अमृत माझ्याहून वर्षाने लहान, सांगलीत इंजिनिअरिंगला. मी कराडजवळ मलकापूरला फार्मसीच्या तिसऱ्या वर्षात. वस्तीवरून कॉलेजात गेलेली पहिली पोरगी म्हणजे आमची समीक्षा, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. तात्याही हेच वाक्य सांगतात, पण त्यांच्या तोंडून ते तक्रारीसारखं ऐकू येतं.

दिवाळीनंतर तात्यांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. थोरल्या आईचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, हरणाबाईचा भाचा, सैन्यात होता. मुलगा वाईट नव्हता, फोटोत तर चांगलाच दिसत होता. पण लग्न वैशाखात धरायचं होतं आणि माझं शेवटचं वर्ष राहिलेलं. त्यावर तिकडची माणसं म्हणाली, शिक्षणाचं नंतर बघू. ‘नंतर बघू’ म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या कुठल्याही मुलीला विचारा. मी आप्पांकडे बघत राहिले आणि आप्पा चहाच्या कपात बघत राहिले. आमचे आप्पा, थोरल्यांच्या तोंडी भाऊसो, चहाचे गडी. तोंड न धुता पहिला कप आणि मग बागेत, बांधावर, कुणी आलं तरी आणि कुणी गेलं तरी. तात्या बोलायला लागले की आप्पांचा कप तोंडाशी जायचा, तेवढीच न बोलायची सोय. आजवर थोरल्या भावाला त्यांनी ‘न्हाई’ म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

अशात मार्गशीर्षातली बिरोबाची जत्रा आली.

आमचे आजोबा, बापू, यांच्या अंगात देव यायचा आणि त्यांच्या तोंडून बोलायचा. लांबलांबची माणसं प्रश्न घेऊन यायची. बापू गेले आणि देव मुका झाला. त्यांचं घोंगडं आणि वेताची काठी देवळात नुसती टांगून ठेवलेली होती. जत्रेच्या दिवशी आमच्या घराला कडक उपास असतो, पालखी देवळात परत येईस्तोवर पाणीसुद्धा नाही. आप्पासुद्धा त्या दिवशी चहाला शिवत नाहीत आणि दुपारपर्यंत त्यांचं डोकं धरतं.

अमृतची परीक्षा आदल्या दिवशी संपली होती. सकाळच्या एसटीने आला तो लालभडक डोळे घेऊन. दुपारी ढोल सुरू झाले. आमचे ढोल कानापेक्षा छातीत जास्त वाजतात. भंडारा उधळून सगळा माळ पिवळा झाला होता. पालखीजवळ उभ्या असलेल्या अमृतचे आधी हात थरथरले, मग खांदे. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. छातीवर हात दाबून तो मटकन खाली बसला, आणि हरणाबाई ओरडली, “देव आला! बापूंचा देव नातवाकडं आला!”

ढोल थांबले. लोक हात जोडून खाली बसले. तात्या पुढे झाले. त्यांनी पावसाचं विचारलं, अमृत म्हणाला, “पडंल.” मेंढरांचं विचारलं, तो म्हणाला, “जपा.” मग तात्यांनी, उत्तर माहीत असल्यासारखं, विचारलं, “देवा, पोरीचं लगीन वैशाखात धरलंय. आशीर्वाद हाय न्हवं?”

अमृतचे दात एकमेकांवर आपटत होते. तो म्हणाला, “पोरीची डिग्री मोडू नगा. मोडली तर मी हितनं उठून जाईन.”

आता बिरोबा हा माळावरचा देव. मेंढरांचे रोग, पावसाची वाट, हरवलेली माणसं, हे सगळं त्याला कळतं यावर माझा विश्वास होता आणि अजूनही आहे. पण डिग्री? बापूंच्या तोंडून देव उभ्या आयुष्यात असलं काही बोलला नव्हता. मी अमृतच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याने नजर चुकवली. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. लोक मात्र “बिरोबाच्या नावानं चांगभलं” म्हणत होते, आणि तात्यांचा चेहरा असा झाला होता की मला हसू आवरेना. मी पदर नसताना ओढणीनेच तोंड झाकलं.

लग्न लांबणीवर पडलं. मी मलकापूरला परत गेले आणि पुस्तकं उघडली. कुणी काही म्हणो, मी खूष होते.

पण देव एकदा येऊन थांबत नाही. पुढच्या अमावास्येला वस्तीवर माणसं जमली. अमृतला सांगलीहून बोलावून घेतलं. तो आला, देवळामागे जाऊन आला, बसला, आणि थरथरला. त्याच्या पुढच्या अमावास्येलाही तसंच. दरवेळी दुसऱ्या दिवशी तो डोकं धरून अंधाऱ्या खोलीत पडायचा, उलट्या काढायचा. आई त्याच्या कपाळाला सुंठ लावायची आणि म्हणायची, “देव गेला की अंग रिकामं हुतं बग. बापूंचं बी असंच व्हायचं.”

मला ते पटत नव्हतं. बापू दुसऱ्या दिवशी पहाटे मेंढरं सोडायला जायचे, हे मला आठवत होतं. देव फक्त सांगलीची बॅग घेऊन येणाऱ्या अमृतच्या अंगात का यावा? देवळामागे जाऊन आल्यावरच का यावा? तात्यांनाही वहीम आला होता, ते त्याच्या हातांकडे बघत राहायचे. आई माझ्याकडे बघायची, की हिनेच भावाला पढवलं की काय. अमृत आम्हा सगळ्यांकडे बघायचा, की कुणाला काय कळलंय. घरात देव आला होता आणि कुणाचाच कुणावर भरवसा राहिला नव्हता.

याच दिवसांत कॉलेजात मला आणि माझी मैत्रीण शिवांजली हिला प्रोजेक्टचा विषय मिळाला: विद्यार्थी किती कॅफीन घेतात आणि त्याचं त्यांच्या तब्येतीवर काय होतं. आम्ही दोघी कॅन्टीन, होस्टेल, लायब्ररी असं फिरून मुलांना विचारायचो. मुलं बिलंदर. चहा मोजायचा असतो हेच कुणाला पटत नव्हतं. “चहा म्हणजे काय पेय आहे का? चहा तो चहा,” असं एक जण मला समजावून सांगत होता आणि त्याच्या हातात तिसरा कप होता. पण परीक्षेच्या दिवसांचं विचारलं की तेच चेहरे उतरायचे. स्वस्तातल्या एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या, जिमवाल्यांकडची पावडर, ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या. झोप लागत नाही, हात कापतात, छाती धडधडते, आणि सोडलं की डोकं फुटायची वेळ येते. आमच्या मॅडम वर्गात सांगायच्या, धडधाकट माणसाने दिवसाला चारशे मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. एका मुलीने आम्हाला तिच्या गोळ्या दाखवल्या, तर दोन गोळ्यांतच तो आकडा पुरा होत होता.

मी हे सगळं ऐकत होते, लिहून घेत होते, आणि एका दुपारी लिहितालिहिता थांबले. हात कापतात. घाम येतो. छाती धडधडते. दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. हे सगळं मी कुठे बघितलं होतं, ते मला शिवांजलीला सांगायची गरज नव्हती. तिला फक्त म्हटलं, “मी उद्या सांगलीला जाऊन येते.”

अमृत विश्रामबागेत एका खोलीत तिघांबरोबर राहायचा. मी न कळवता गेले. तो मला चौकातल्या चहाच्या गाड्यावर भेटला. गालफडं बसली होती आणि टेबलाखाली त्याचा गुडघा शिलाई मशीनसारखा हलत होता. त्याने कॉफी मागवली, ती संपायच्या आत दुसरी.

“किती पितोस?” मी विचारलं.

“तुझा प्रोजेक्ट माझ्यावर कशाला?”

“जत्रेच्या दिवशी काय घेतलं होतंस, अमृत्या?”

त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, “आठवडाभर झोपलो नव्हतो गं. एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर कॅन चालले होते. एसटीत बसतानाबी दोन पिलो. वर उपास, वर ते ढोल. मला वाटलं मी मरतोय. तोवर थोरली आई वरडली. मी काय ठरवून केलं न्हाई, ताई. तात्यांनी तुझं लगीन काढलं आणि माझ्या तोंडात आलं ते बोललो.”

“आणि त्याच्या पुढच्या अमावास्येला?”

“पुढच्या वेळी थरथर आली नसती तर पहिली बी खोटी ठरली असती,” तो म्हणाला. “मग तुझं काय?”

मला रागच आला. हे येडं माझ्यासाठी स्वतःचं काळीज पणाला लावत होतं आणि वर कॉफी ढवळत होतं. मी त्याला बजावलं, आता बस, पुढच्या अमावास्येला आजारी आहे म्हणून सांग. त्याने मान हलवली. मान हलवायची कला आमच्या घरात वडिलांकडून आलेली आहे, म्हणून माझा विश्वास बसला नाही.

मी स्टँडकडे निघाले तर मागून त्याचा खोलीतला मित्र जयराज पळत आला. “ताई, त्याला सांगू नका मी बोललो म्हणून. गेल्या महिन्यात अम्या वर्गात पडला. डॉक्टरांनी ठोके ऐकले आणि म्हणाले, चुकतायत, लगेच ईसीजी काढा आणि हे सगळं बंद करा. ह्यानं ईसीजी काढलाच न्हाई. म्हणला, अमावास्या झाली की जातो.”

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघत रडले. घरी फोन करून सगळं सांगून टाकायचं, असं कासेगाव येईपर्यंत ठरवलं होतं. कराड आलं तरी फोन केला नाही. सांगितलं की देवाचा शब्द खोटा, शब्द खोटा की वैशाख खरा. आधी अमृतलाच समजावू, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी माझं शेवटचं वर्ष वाचवत होते.

आणि तात्यांनी डाव टाकला. येत्या अमावास्येला पाच वस्त्यांची भावकी बोलावून अमृतला बापूंचं घोंगडं आणि काठी द्यायची, म्हणजे तो कायमचा देवाचा माणूस होणार. पण त्याआधी परीक्षा. आदल्या संध्याकाळपासून त्याने देवळात बसायचं, अन्न-पाणी बंद, बॅग घरी ठेवायची, बाहेर जायचं तर बरोबर माणूस. बाकी घराला अमावास्येच्या दिवशी जत्रेसारखाच कडक उपास. “खरा देव असंल तर यील,” तात्या म्हणाले. “आन् आला तर तिथंच पोरीचं पुन्यांदा इचारणार हाय मी. समद्यांम्होरं.” मुलाकडच्या पाहुण्यांनाही त्यांनी बोलावणं धाडलं होतं.

मी अमावास्येला सकाळी वस्तीवर पोचले. अमृत देवळात कोपऱ्याला टेकून बसला होता, मलूल, डोकं गुडघ्यात घातलेलं. कमरेला बापूंची भंडाऱ्याची पिशवी. मला बघून ओळखीचं हसला. कॉफी नाही, कॅन नाही, तात्यांचा माणूस दारात. मला हायसं वाटलं. आज काही होणार नाही, डोकं तेवढं दुखेल.

मग देवळापुढच्या मंडपात मला ते पाहुणे दिसले. मुलाचे आईवडील, मामा, पुरुष स्वच्छ टोप्या घालून आलेले. मला वरपासून खालपर्यंत बघत होते. आणि माझ्या मनात आलं, आज तो थरथरला तर बरं. एकदाच, शेवटचं. हे मनात आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

दुपार कलली तशी माणसं दाटली. ढोल लागले. भंडारा उडायला लागला. मी बायकांच्या घोळक्यातून अमृतवर नजर ठेवून होते. त्याने पिशवीत बोटं घातली आणि भंडारा जिभेला लावला. त्यात विशेष काही नाही, आमच्यात सगळेच लावतात. थोड्या वेळाने परत लावला. मग परत, या वेळी चिमूट भरून. आणि तोंड वाकडं केलं.

भंडारा खाऊन कुणी तोंड वाकडं करत नाही.

मी पुढे घुसले आणि पाया पडल्यासारखं करून त्याच्या पिशवीत हात घातला. त्याने माझं मनगट पकडलं. “तू देवळातला घे,” तो दबल्या आवाजात म्हणाला. “ह्यातला नगं.” त्याचा हात तापला होता आणि पाण्यात बुडवल्यासारखा ओला होता. मी हात हिसकावून घेतला आणि बोट जिभेवर ठेवलं.

कडू. हळदीचा तुरटपणा नव्हे, जीभ आक्रसून घेणारा कडू. दुसऱ्या वर्षाला आमचं चहा पावडरीतून कॅफीन वेगळं काढायचं प्रॅक्टिकल होतं. तळाला पांढऱ्या बारीक सुया जमल्या होत्या. चव घेऊ नका, असं सरांनी बजावलं होतं, म्हणून सगळ्या वर्गाने घेतली होती. ही तीच चव होती. देवळात बसायच्या आधीच त्याने गोळ्या कुटून भंडाऱ्यात मिसळल्या होत्या; देवाच्या पिशवीची झडती कोण घेणार? गोळी निदान मोजता येते. चिमटीत किती आलं आणि किती पोटात गेलं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तेही उपाशीपोटी, ठोके चुकणाऱ्या छातीवर.

“थुंक,” मी म्हटलं. “अमृत, थुंक ते.”

तो दातांवर दात ठेवून म्हणाला, “पाहुणं बसल्यात. थोडाच वेळ राहिलाय, ताई.”

त्याच्या मानेवरची शीर मला दिसत होती. ती नीट उडत नव्हती, अडखळत होती. मी आप्पांना शोधलं. ते देवळाच्या बाजूला निंबाखाली उभे होते, उपासाने चेहरा ओढलेला. मी त्यांचा हात धरून त्यांना देवळामागे ओढलं आणि धाप टाकत सगळं सांगितलं. देव नाही, गोळ्या आहेत, जत्रेपासून सगळं तेच आहे.

आप्पा म्हणाले, “ठावं हाय.”

मला वाटलं ढोलांत मी चुकीचं ऐकलं.

“गोळ्यांचं ठावं न्हवतं. पर देव न्हाई ते पयल्या दिशीच कळलं मला. बापूंच्या अंगात यायचं तवा त्यांचं अंग गार पडायचं, बर्फावानी. मीच धरून बसायचो त्यांना. ह्यो तापत हुता.”

“मग बोलला का न्हाई?”

आप्पांनी खाली बघितलं. “तुजी शाळा मोडू ने, आसं माज्या बी मनात हुतं. तात्याम्होरं माजं त्वांड उघडत न्हाई. पोरानं देवाचं नाव घिऊन सांगितलं, म्हटलं बरं झालं. सोंग करतोय तर करू दे. सोंगानं कुणी मरत न्हाई.”

“आप्पा, त्याच्या पिशवीत जे हाय ना, त्यानं काळीज बंद पडतं,” मी ओरडले. “त्याचं ठोकं आधीच चुकत्यात. वर्गात पडलाय तो. आत्ता, ह्या घडीला तो मरू शकतो!”

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. ते वळले आणि गर्दीत शिरले, असे की माणसं आपोआप बाजूला झाली. तोवर अमृतची थरथर सुरू झाली होती. लोक “चांगभलं” म्हणून ओरडत होते आणि तात्या पुढे येऊन प्रश्न विचारायला हात जोडत होते. आप्पांनी अमृतच्या कमरेची पिशवी हिसकली. नाडी तुटली. त्यांनी ती पिशवी माझ्याकडे फेकली आणि ढोलवाल्याच्या ढोलावर तळहात आपटला. एकेक करून सगळे ढोल थांबले.

“भाऊसो, देवाच्या अंगाला हात लावतूस?” तात्या कडाडले.

“देव न्हाई तात्या, पोरगं हाय. त्यानं गोळ्या खाल्ल्यात. गाडी काडा.”

अमृत माझ्या खांद्यावर कोसळला. मी त्याची नाडी धरली. ती पळत होती, मध्येच हरवत होती, परत पळत होती. पुढे म्हसवडच्या दवाखान्यात त्याला सलाइन लावलं, छातीला तारा जोडल्या, तिथून मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तो वाचला. आता तो सांगलीत दूध पिऊन झोपतो आणि मित्र त्याला त्यावरून चिडवतात. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी आम्ही त्याला उचलून जीपमध्ये घालत होतो.

जीपच्या दारापाशी तात्या आडवे आले. पाच वस्त्यांची भावकी बघत होती, पाहुणे बघत होते. तात्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि तो मला जास्त भीतीदायक वाटला. “म्हंजी देवाचा सबूद खोटा हुता. मग भाऊसो, पाहुण्यांना काय सांगायचं ते आत्ताच सांग. वैशाख धरायचा न्हवं?”

आप्पांनी सवयीने उजवा हात वर नेला, कप धरल्यासारखा. हातात कप नव्हता. तो हात तसाच हवेत राहिला आणि थरथरायला लागला. मग दुसरा हात, मग खांदे, मग हनुवटी.

“आलं! भाऊसोच्या अंगात आलं!” हरणाबाई किंचाळली आणि तिने ओंजळभर भंडारा त्यांच्या डोक्यावर टाकला. पुढची माणसं हात जोडून खाली वाकली. एका ढोलवाल्याने ढोलावर काठीही टाकली.

आप्पांनी तोंडावरचा भंडारा दोन्ही हातांनी पुसून काढला.

“उठा,” ते म्हणाले. “देव न्हाई. मी हाय, भाऊसो. पोरीची शाळा मोडायची न्हाई. आसं मी म्हणतोय.”

तात्या बाजूला झाले. जीप सुरू झाली. अमृतचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आप्पा पुढे बसले होते आणि म्हसवड येईपर्यंत त्यांच्या हातांची थरथर थांबली नाही. त्यांच्या पोटात सकाळपासून चहाचा घोटसुद्धा नव्हता.